डोळा निर्दोष आणि दुखणे मात्र डोळ्यातच

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा आहे. वय ४२, राहणे मनीषनगरात, नोकरी बुटीबोरीच्या एका कारखान्यात हिशेबाच्या कामाची, रोजचे जाणे-येणे स्कूटरने. गेले सात महिने उजव्या डोळ्याच्या मागे आणि भुवईच्या आतल्या टोकाशी दुखते. दुपारनंतर ते वाढते, आणि महिन्यातून दोन-तीन दिवस इतके चढते की उजेड सहन होत नाही व उलटी होते. तीन नेत्रतज्ज्ञांनी डोळा नॉर्मल असल्याचे सांगितले, दोनदा चष्मा बदलला, थेंबांच्या पाच बाटल्या संपल्या. सासूबाई पित्त म्हणतात, यजमान मोबाइलला दोष देतात, आणि शेजारच्या औषध दुकानातली डोकेदुखीची गोळी आता जवळजवळ रोज लागते. शेवटी तुम्ही विचारले आहे की डोळ्यात काहीच नसेल तर दुखते काय, आणि एमआरआय करावा का.

नागपुरात सव्वीस वर्षे डोळे तपासत असताना हा प्रश्न मी आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी ऐकतो, आणि त्यात बहुधा दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला, डोळा खरोखरच पूर्ण तपासला गेला आहे का. दुसरा, तो निर्दोष असेल तर दुखण्याचा उगम कोठे आहे. ‘नॉर्मल आहे’ या दोन शब्दांनी आम्ही डॉक्टर पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देतो आणि दुसऱ्याला हात घालत नाही. रुग्णाला मात्र ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकू येते. तुम्हाला काहीतरी निश्चित होते आहे. तुम्हाला न तपासता ते नेमके काय हे मी सांगू शकत नाही. कोणत्या दिशेने शोधावे आणि का, एवढे सांगतो.

चेहऱ्याची, कपाळाची, डोळ्याची, दातांची, सायनसची आणि मेंदूवरच्या आवरणाच्या मोठ्या भागाची वेदना एकाच नसेमार्फत मेंदूकडे जाते. तिला ट्रायजेमिनल म्हणतात. तिच्या तीन शाखांपैकी वरची शाखा डोळा, भुवई, कपाळ आणि नाकाचा वरचा भाग सांभाळते. हीच शाखा आत कवटीत मागे एक फांदी पाठवते, आणि ती मोठ्या मेंदूखाली तंबूसारख्या ताणलेल्या पडद्याला संवेदना पुरवते. १९४० मध्ये रे आणि वुल्फ या अमेरिकी डॉक्टरांनी जागेपणी चाललेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियांत आतल्या वेगवेगळ्या भागांना उत्तेजित करून रुग्णांना कोठे दुखते ते विचारले होते. या पडद्याला वरून धक्का लागला की रुग्ण त्याच बाजूच्या कपाळाकडे आणि डोळ्याकडे बोट दाखवत. मेंदूच्या गाभ्याला स्वतःची वेदना नसते; त्याच्या आवरणाचे आणि रक्तवाहिन्यांचे दुखणे मात्र डोळ्याच्या पत्त्यावर येऊन पडते.

तुमच्या बाबतीत याहूनही महत्त्वाची गोष्ट खाली मानेत आहे. ट्रायजेमिनल नसेच्या वेदनेचे केंद्र मेंदूच्या देठातून खाली उतरत मानेच्या वरच्या दोन-तीन मणक्यांच्या पातळीपर्यंत येते, आणि त्या मणक्यांजवळून निघणाऱ्या मानेच्या नसाही तेथेच येऊन मिळतात. नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्याला दोन दारे आणि घंटा मात्र एकच असावी, तसा हा प्रकार आहे. घंटा वाजली की घरचे माणूस सवयीने पुढच्या दाराकडे धावते, आणि वाजवणारा मागच्या दाराशी उभा असतो. मेंदूला डोळ्याकडून बातम्या येण्याची सवय मोठी आहे, कारण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याइतकी वेदनातंतूंची दाटी शरीराच्या पृष्ठभागावर क्वचितच कोठे असते. म्हणून मानेच्या वरच्या सांध्यातली कुरकुर डोळ्यात जाणवते आणि माणूस मान न दाखवता डोळा दाखवायला येतो.

आता डोळ्याच्या तपासणीविषयी. माझ्या टेबलावर या कामासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे डोळा बधिर करणाऱ्या औषधाचा एक थेंब. तो घातल्यावर मिनिटभरात दुखणे पूर्ण थांबले, तर मूळ डोळ्याच्या पृष्ठभागावर आहे: कोरडेपणा, सूक्ष्म ओरखडा, पापणीच्या आत अडकलेला कण. दुखणे तसेच राहिले, तर ते डोळ्याच्या आतले किंवा बाहेरचे आहे. ही चाचणी अचूक नाही, कारण दीर्घकाळ कोरड्या राहिलेल्या डोळ्यातल्या नसाच कधी बिघडतात आणि मग थेंबानेही पूर्ण आराम पडत नाही. तरी दहापैकी आठ वेळा ती मला योग्य वाटेला लावते. हा थेंब घरी वापरायचा नसतो. काही दिवस सतत घातला तर तोच पृष्ठभाग वितळवतो, आणि वेल्डिंगची कामे करणाऱ्यांत मी असे डोळे पाहिले आहेत.

नेहमीच्या तपासणीत निसटणाऱ्या काही गोष्टी असतात. पहिली, अधूनमधून येणारा बंद-कोनाचा काचबिंदू. यात डोळ्यातले पाणी वाहून जाण्याची कोनातली वाट अडते आणि डोळ्याचा दाब फक्त झटक्याच्या वेळी चढतो, बहुधा संध्याकाळी किंवा अंधारात. दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, नजर धुरकटते, आणि सकाळी दवाखान्यात मोजलेला दाब १० ते २१ मिमी पारा या नेहमीच्या मर्यादेत असतो. त्यासाठी गोनिओस्कोपी म्हणजे भिंगाने डोळ्याचा कोन पाहण्याची तपासणी करावी लागते. पाच मिनिटांचे काम आहे, गर्दीच्या ओपीडीत राहून जाते. दुसरी, डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीची मागच्या बाजूची सूज. डोळा बाहेरून पांढराशुभ्र, आणि खोल, कुरतडणारे, पहाटे झोपेतून उठवणारे दुखणे. ती डोळ्याच्या सोनोग्राफीत दिसते, आणि संधिवाताच्या रुग्णांत तिचा संशय विशेष घ्यावा लागतो. तिसरी, जवळचे पाहताना दोन्ही डोळे आत वळवण्याची ताकद कमी पडणे. तीन नेत्रतज्ज्ञांपैकी कोणी या तपासण्या केल्या हे तुमच्या लिहिण्यात नाही. चौथ्याकडे जाण्यापूर्वी पहिल्या तिघांचे कागद एकत्र लावून पाहा, एवढेच सुचवतो.

उलटेही घडते. काही वर्षांपूर्वी एका सत्तरीच्या आजीबाईंना घरच्यांनी माझ्याकडे आणले तेव्हा त्या दोन दिवस पित्ताची औषधे घेत होत्या. उलट्या, डोकेदुखी, अन्न नको. डोळा लाल आहे हे कोणीतरी तिसऱ्या दिवशी पाहिले. बोटाने दाबला तर दगडासारखा टणक. मूळ डोळ्यात होते आणि सगळे घर पोटाकडे पाहत होते. सासूबाईंचे ‘पित्त’ मी हसण्यावारी नेत नाही ते यामुळे, आणि दुसऱ्याही एका कारणामुळे, ज्याकडे पुढे येतो.

रुग्णाला मी पहिला प्रश्न विचारतो तो दुखण्याच्या शब्दाचा. मराठीत दुखण्याला जितके शब्द आहेत तितके आमच्या फॉर्मवर कधी नसतात. ‘खुपते’ किंवा ‘चुरचुरते’ म्हणणाऱ्याचे मूळ बहुधा डोळ्याच्या पृष्ठभागावर निघते. ‘सणक जाते’, ‘वीज चमकल्यासारखे होते’ असे सांगणाऱ्याच्या बाबतीत मी नसेचा विचार करतो, विशेषतः तोंड धुताना किंवा वाऱ्याची झुळूक लागताच सणक उठत असेल तर. ‘ठणकते’ हा शब्द सूज किंवा अर्धशिशी सुचवतो. ‘ओढ बसते’, ‘मागून कोणी खेचते आहे’ हा मानेच्या आणि जबड्याच्या स्नायूंचा शब्द आहे. तुम्ही दोन वाक्यांत दोन शब्द वापरले आहेत: रोजच्या दुखण्याला ‘ओढ’, आणि महिन्यातल्या त्या दोन-तीन दिवसांना ‘ठणका’. नकळत लिहिले असेल, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सर्वांत मोलाची माहिती हीच आहे. तुम्हाला एक दुखणे नसून दोन असावीत, आणि तिसरे गोळीने जोडले असावे.

आधी ठणक्याचे पाहू. एका बाजूस, ठणकणारे, उजेड आणि आवाज नकोसा करणारे, मळमळ-उलटीसह येणारे आणि चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकणारे दुखणे हे अर्धशिशीचे, म्हणजे मायग्रेनचे, पाठ्यपुस्तकी वर्णन आहे, आणि ते डोळ्याच्या मागेच केंद्रित होणे अगदी नेहमीचे आहे. आपल्याकडे उलटी झाली की पित्त म्हणतात आणि उलटीनंतर हलके वाटले की पित्त पडले म्हणतात. निरीक्षण बरोबर आहे, कारण अर्धशिशीत पोट खरोखरच मंदावते आणि उलटीनंतर अनेकांना आराम पडतो; निष्कर्ष तेवढा चुकतो. ते दोन-तीन दिवस पाळीच्या आसपास येतात का, हे तुम्ही लिहिलेले नाही. येत असतील तर निदान आणखी पक्के होते. उपाशी राहणे, अपुरी झोप आणि ऊन या गोष्टी हा झटका ओढवतात. नवतपाच्या दिवसांत, पारा ४५ च्या वर असताना, दुपारी वर्धा रोडने स्कूटर चालवून आलेल्या माणसाची अर्धशिशी उठली नाही तरच मला नवल वाटते.

‘सूर्य चढतो तशी चढते’ हे वर्णन लोक अर्धशिशीला लावतात, पण कपाळातल्या सायनसच्या सुजेचे दुखणेही सकाळी सुरू होऊन दुपारपर्यंत चढते आणि संध्याकाळी उतरते. केवळ घड्याळावरून दोन्ही ओळखता येत नाहीत. सायनस असेल तर नाक चोंदणे, पिवळट-हिरवट स्राव, वास न येणे, पुढे वाकल्यावर जडपणा वाढणे, यांपैकी काहीतरी बरोबर असते. माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्या शहरात सायनसला त्याच्या वाट्यापेक्षा फार अधिक दोष दिला जातो, आणि वर्षानुवर्षे वाफ घेणाऱ्या पुष्कळ लोकांना प्रत्यक्षात अर्धशिशी असते. अर्धशिशीतही नाक वाहते आणि डोळ्यातून पाणी येते, म्हणून गोंधळ होतो. एक अपवाद मी कधीही विसरत नाही: मधुमेही व्यक्तीला डोळ्याभोवती दुखणे, गालाला बधिरपणा किंवा सूज आणि नाकातून काळपट स्राव. २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, नागपूरच्या रुग्णालयांनी म्युकरमायकोसिसचे इतके रुग्ण पाहिले की आमच्या पिढीचा कोणताही डॉक्टर ते चित्र पुसू शकणार नाही. तेथे तासांचा हिशेब असतो.

आता ओढीकडे येतो, कारण तुमच्या सात महिन्यांचा मोठा भाग मला तेथे दिसतो. तुम्ही सहज लिहिले आहे की दुसरा चष्मा ‘जवळचे-लांबचे एकत्र’ असा मिळाला आणि त्यानंतर दुपारचा त्रास वाढला. म्हणजे तो प्रोग्रेसिव्ह असावा. चाळिशीनंतर हा चष्मा देणे बरोबरच आहे, परंतु त्यात वाचण्याचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. संगणकाचा पडदा समोर, डोळ्यांच्या पातळीवर. तो स्पष्ट दिसावा म्हणून माणूस हनुवटी वर उचलतो आणि मान मागे मोडून तासन्तास बसतो. कवटीच्या तळाशी असलेले छोटे स्नायू आणि वरचे दोन-तीन सांधे त्यामुळे सतत आखडलेले राहतात, आणि मागच्या दाराची ती घंटा वाजत राहते. डोळ्यासाठी दिलेल्या चष्म्याने मान बिघडावी आणि मानेने डोळा दुखवावा, हे वर्तुळ मी हिशेबनिसांत, बँकेतल्या लोकांत आणि अलीकडे घरून काम करणाऱ्यांत इतक्या वेळा पाहिले आहे की अशा रुग्णाला मी आता खुर्चीत बसवून ‘तुमचा कॉम्प्युटर समोर आहे असे समजा’ म्हणतो आणि हनुवटीकडे पाहतो.

पडताळणी तुम्हाला घरीही करता येईल. ताठ बसून मान सावकाश उजवीकडे आणि मग डावीकडे वळवा. एका बाजूला ती स्पष्टपणे कमी वळते का पाहा. मानेच्या मागे, कवटीच्या कडेखाली, मध्यरेषेपासून दोन बोटे उजवीकडे अंगठ्याने हलके दाबा. तेथे दाबल्यावर डोळ्यातले ओळखीचे दुखणे जागे झाले, तर मानेवरचा संशय बळावतो. दाब हलका ठेवा आणि मानेला झटका देऊ नका. संगणकासाठी वेगळा, केवळ त्या अंतराचा, एक-नंबरी चष्मा करून घ्या. फॅशनेबल नाही, पण माझ्याकडच्या अशा रुग्णांपैकी कित्येकांचे दुपारचे दुखणे तेवढ्याने निम्मे झाले आहे. फिजिओथेरपिस्टकडून मानेच्या खोल स्नायूंचे व्यायाम शिकून घ्यावेत. ते सहा ते आठ आठवडे नेमाने करावे लागतात, आणि पहिल्या पंधरवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडणारेच अधिक असतात.

नागपूरच्या रस्त्यांवरची आणखी एक गोष्ट सांगतो. उन्हापासून वाचण्यासाठी चेहऱ्याला घट्ट दुपट्टा, त्याची घडी भुवयांवर, आणि त्यावर हेल्मेट. भुवईच्या हाडात आतल्या बाजूस एक खाच असते आणि तिच्यातून कपाळाची नस वर जाते. त्या जागी रोज तास-दीड तास दाब पडला की नस चिडते आणि भुवईच्या आतल्या टोकाशी, तुम्ही सांगितलेल्या नेमक्या जागी, दुखते. त्या खाचेवर बोट ठेवून दाबल्यास कळ येते का पाहा. हेल्मेट काढायचे नाही, दुपट्ट्याची घडी कपाळावरून हलवायची आणि हेल्मेटचे माप तपासून घ्यायचे.

जबड्याचे थोडक्यात सांगतो, कारण तुम्हाला तो त्रास दिसत नाही. रात्री दात खाणाऱ्यांच्या आणि दिवसभर खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) चघळणाऱ्यांच्या कानशिलाचा स्नायू इतका थकतो की त्याचे दुखणे भुवईत आणि डोळ्यात उतरते. खर्रा खाणाऱ्याचे तोंड तीन बोटे मावतील इतके उघडत नसेल, तर डोळा बाजूला ठेवून त्याला आधी दंतवैद्याकडे पाठवावे लागते, कारण तेथे डोळेदुखीपेक्षा गंभीर गोष्ट वाढत असू शकते. वरच्या दाढेचे किडणेही डोळ्याखाली दुखवते. गरम-थंडाने वाढले तर दात पाहावा.

आता गोळी. डोकेदुखीसाठी दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत वेदनाशामकासोबत कॅफिन असते. अशा मिश्र गोळ्या महिन्यातून दहा किंवा त्याहून अधिक दिवस, साध्या वेदनाशामक गोळ्या पंधरा किंवा अधिक दिवस, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. अर्धशिशीच्या रुग्णांत हे विशेष घडते. गोळी उतरली की दुखते, दुखले की गोळी. महिन्यातले दोन-तीन दिवस पसरत पसरत सगळा महिना का व्यापून बसले, याचे एक सरळ स्पष्टीकरण येथे आहे. ती बंद केल्यावर पहिला आठवडा-दीड आठवडा दुखणे वाढते आणि त्या काळातच बहुतेकांचा निर्धार मोडतो. म्हणून हे न्यूरॉलॉजिस्टच्या किंवा अर्धशिशीचा अनुभव असलेल्या फिजिशियनच्या देखरेखीखाली करावे, आणि त्याच वेळी झटके कमी करणारे प्रतिबंधक औषध सुरू करून घ्यावे. या औषधांपैकी टोपिरामेटमुळे काही थोड्या लोकांत पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही डोळ्यांचा दाब अचानक चढू शकतो, आणि ज्यांचा कोन मुळात अरुंद आहे त्यांना अमिट्रिप्टिलिनही त्रासदायक ठरू शकते. गोनिओस्कोपीचा आग्रह मी वर धरला त्याचे हे दुसरे कारण. औषध सुरू झाल्यावर नजर अचानक धूसर झाली, तर ‘अर्धशिशीच असेल’ म्हणून घरी बसू नका.

थेंबांच्या पाच बाटल्यांपैकी एखाद्या बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन किंवा फ्लुओरोमेथोलोन असे नाव आहे का, ते आजच पाहा. ही स्टेरॉइडे आहेत. डोळा गार वाटतो म्हणून लोक ती दुकानातून परत परत आणतात. महिनोन्महिने वापरल्यास मोतीबिंदू होतो आणि काहींना काचबिंदूही, तोही न दुखता. नाव सापडले तर ती बाटली नेत्रतज्ज्ञाला दाखवून बंद करा आणि दाब मोजून घ्या.

हे सर्व तुमचे वर्णन पुरे आहे असे धरून लिहिले. कोणत्या लक्षणांनी हा सगळा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, तेही सांगायला हवे. पापणी खाली आली आणि बाहुली मोठी झाली, किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर मेंदूच्या रक्तवाहिनीवरचा फुगा नाही ना, हे तातडीने पाहावे लागते. मधुमेहातही पापणी पडते आणि डोळ्यामागे दुखते. त्यात बाहुली बहुधा वाचते, पण तो निर्णय घरी घ्यायचा नसतो. पापणी किंचित खाली आणि बाहुली मात्र लहान, सोबत मानेत दुखणे, असे असेल तर मानेतल्या मुख्य धमनीचा अस्तर फाटला असण्याची शक्यता असते. सलूनमध्ये मालिश करताना मानेला कडकन झटका देण्याची जी हौस आपल्याकडे आहे, तिच्यानंतर असे घडू शकते, आणि मी स्वतः माझ्या न्हाव्याला मानेला हात लावू देत नाही. डोळा हलवताना दुखते आणि दोन-चार दिवसांत नजर उतरते, लाल रंग एका डोळ्याने फिका दिसतो, ही दृष्टीच्या नसेच्या सुजेची खूण. त्या नसेचे आवरण डोळा फिरवणाऱ्या स्नायूंच्या मुळाशी जोडलेले असते, म्हणून नजर वळवली की दुखते. येथे स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत; १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत केवळ नेहमीच्या मात्रेच्या तोंडी गोळ्या घेतलेल्यांत हा आजार परत येण्याचे प्रमाण वाढलेले आढळले होते. पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तीला नव्याने कानशिलात दुखू लागले, केस विंचरताना टाळू दुखली, जेवताना जबडा थकू लागला, तर कानशिलाच्या धमनीची सूज तपासण्यासाठी ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या त्याच दिवशी कराव्यात. आपल्याकडे हा आजार कमी दिसतो, पण त्यात एका डोळ्यामागून दुसरा डोळा काही दिवसांत जाऊ शकतो.

रात्री ठरावीक वेळी उठवणारे, पंधरा मिनिटे ते तीन तास टिकणारे, डोळा लाल करून पाणी काढणारे आणि माणसाला येरझारा घालायला लावणारे दुखणे वेगळे असते. त्याला क्लस्टर डोकेदुखी म्हणतात. अर्धशिशीचा रुग्ण अंधाऱ्या खोलीत निपचित पडतो, हा रुग्ण भिंतीवर डोके आपटतो. त्याला मास्कने दिलेल्या शुद्ध ऑक्सिजनने पंधरा-वीस मिनिटांत आराम पडू शकतो, आणि हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण वर्षानुवर्षे दात काढून घेत बसतात.

एक चूक माझी स्वतःची. नवा नवा असताना काटोलकडच्या एका शेतकरी बाईंना मी ‘डोळा नॉर्मल आहे, घरी जा’ असे सांगितले होते. एका बाजूचे कपाळ आणि डोळा भाजल्यासारखा होतो, केसांना हात लावू देत नाही, असे त्या म्हणत होत्या. मी डोळ्यात पाहिले, कपाळाला हात लावला नाही. तीन दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पाण्याचे फोड होते आणि त्यांवर गावातल्या कोणीतरी लावलेला लेप होता. नागीण. पुरळ येण्यापूर्वी दोन-तीन दिवस ती नुसती दुखते, आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळा सापडण्याची भीती मोठी असते, कारण दोन्हीकडे जाणारी नस एकच. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी पडतात. त्या बाईंची नजर वाचली, पण कपाळाचे दुखणे पुढे वर्षभर राहिले. तेव्हापासून ‘नॉर्मल’ म्हणण्याआधी मी कपाळावरून कापूस फिरवून पाहतो आणि घरी गेल्यावर काय दिसले तर परत यायचे ते सांगतो.

एमआरआयबद्दल. वरच्यांपैकी धोक्याची कोणतीही खूण नसेल, डोळ्याच्या पडद्यावरची नस सुजलेली नसेल, आणि दुखण्याचा नमुना सात महिन्यांत फारसा बदललेला नसेल, तर पहिली पायरी म्हणून मी तो सांगत नाही. त्यात मानेच्या मणक्यांची वयानुसार झालेली झीज हमखास दिसते, तिलाच कारण ठरवले जाते, आणि खरे कारण तसेच राहते. परंतु दुखणे दर आठवड्याला वाढते आहे, खोकताना-शिंकताना चढते, पहाटे उलटीसह जाग आणते, किंवा हातापायांत काही बदल आहे, तर तो लगेच करावा. आणि करताना मेंदूसोबत डोळ्याच्या खोबणीचाही करायला सांगावा, नाहीतर डोळ्यामागचा भाग नीट दिसत नाही.

तेव्हा तुमच्यापुरता क्रम असा सुचवतो. आधी गोनिओस्कोपी आणि डोळे आत वळवण्याची ताकद या दोन तपासण्या, बुबुळाची बाहुली थेंबाने मोठी करून पडद्याची पाहणी झाली नसेल तर तीही. सोबत संगणकाचा वेगळा चष्मा. मग चार आठवडे एका वहीत रोज चार गोष्टी: दुखणे किती वाजता सुरू झाले, ‘ओढ’ की ‘ठणका’, त्या दिवशी किती गोळ्या घेतल्या, आणि जेवण व झोप वेळेवर झाली का. पाळीच्या तारखांवर खूण करा. ती वही, थेंबांच्या पाचही बाटल्या, गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि दोन्ही चष्मे घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यात जा किंवा मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ओपीडीत जा, पहिल्या भेटीत डॉक्टरकडे तुमच्यासाठी दहाच मिनिटे असतील, आणि त्यातली आठ प्रश्न विचारण्यात जाण्याऐवजी वही वाचण्यात गेली तर निदान पहिल्याच भेटीत होण्याची शक्यता वाढते. मान वळवण्याची पडताळणी करून पाहिलीत, तर कोणत्या बाजूला कमी वळते आणि खाचेवर दाबल्यावर काय झाले, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.